परक्या गावातलं घरचं मैदान

२९ जून १९९१. रोमच्या दक्षिण भागात, पालेउर नावाच्या गोल घुमटाखाली तुम्ही वरच्या रांगेत उभे आहात. खाली युगोस्लाव्हियानं यजमान इटलीला ८८-७३ असं हरवून युरोपचं अजिंक्यपद राखलं आहे आणि दोन मीटरच्या आसपासची ती पोरं एकमेकांच्या गळ्यात पडत आहेत. टोनी कुकोच, दिनो राजा, व्लादे दिवाच, झार्को पास्पाल, प्रेद्राग दानिलोविच, साशा जॉर्जेविच. नीट पाहा. संघ बाराचा, पण खाली अकराच जण आहेत.

बारावा युरे झ्दोव्त्स. बचावातला चिवट गार्ड, स्लोव्हेनियाचा. चारच दिवसांपूर्वी स्लोव्हेनिया आणि क्रोएशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि झ्दोव्त्सला मायदेशातून निरोप आला की ह्या संघातून आता खेळायचं नाही. उपांत्य सामन्याआधी त्यानं जर्सी उतरवली. उरलेल्यांत कुकोच आणि राजा क्रोएशियाचे, दिवाच सर्बियाचा, पास्पाल माँटेनेग्रोचा, दानिलोविच सारायेव्होत जन्मलेला. पदकं गळ्यात पडतात, सगळ्यांसाठी मिळून एकच राष्ट्रगीत वाजतं. हा संघ ह्यापुढे असा कधीच उभा राहणार नाही. भूतकाळातल्या ह्या प्रवासाची अट तेवढीच आहे: पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे, आणि ते कोणाला सांगता येत नाही.

एक माणूस खरं तर ह्या घुमटाखाली असायचा, तो नाही. झेल्को ओब्रादोविच, पार्टिझान बेलग्रेडचा गार्ड, वय ३१. ह्याच स्पर्धेच्या तयारीत राष्ट्रीय संघाबरोबर असताना क्लबनं त्याला विचारलं, प्रशिक्षक होतोस का? त्यानं संघ सोडला, खेळणंही सोडलं आणि होकार कळवला. आयुष्यात त्यानं कुठल्याही संघाला शिकवलेलं नव्हतं. काल ज्यांच्या शेजारी बाकावर बसून घाम पुसला, त्यांनाच उद्यापासून ओरडायचं होतं. सल्लागार म्हणून पाठीशी होते प्राध्यापक आलेक्सांदर निकोलिच, सत्तरीकडे झुकलेले, ज्यांनी इटलीतल्या वारेझेच्या संघाला १९७०, १९७२ आणि १९७३ साली युरोपचा चषक जिंकून दिला होता. युगोस्लाव्ह बास्केटबॉलचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत येतं.

आता चार महिने पुढे या. ऑक्टोबर, बेलग्रेड.

संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयासमोरच्या बागेत काही लोक जमतात आणि मेणबत्त्या लावतात. क्रोएशियातल्या युद्धात मेलेल्या सगळ्यांसाठी, बाजू न विचारता. ८ ऑक्टोबरला त्यांनी हे सुरू केलं आणि थंडी वाढत गेली तरी ते रोज येत राहतील, फेब्रुवारीपर्यंत. रस्त्यावरून जाणारे बघतात, काही थांबतात, काही शिव्या देतात. पश्चिमेला, डॅन्यूबच्या काठी, व्हुकोव्हार नावाचं शहर युगोस्लाव्ह सैन्याच्या तोफांखाली विटाविटांनी ढासळतं आहे. १८ नोव्हेंबरला ते पडेल. बेलग्रेडमधली विशीतली पोरं सैन्यभरतीची चिठ्ठी दारावर येऊ नये म्हणून रात्री मित्राच्या नाहीतर मावशीच्या घरी झोपतात. पार्टिझानचा संघही विशीतल्याच पोरांचा आहे. जॉर्जेविच २४ वर्षांचा, आणि तो ह्यांच्यातल्या थोरल्यांपैकी. दानिलोविच २१चा. सेंटरला खेळणारा झेल्को रेब्राचा तर अजून १९चा. परदेशी खेळाडू एकही नाही.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेनं ठरवलं आहे की युगोस्लाव्हियातल्या तिन्ही क्लबांनी युरोपियन लीगचे, म्हणजे युरोपच्या चषकाचे, घरचे सामने देशाबाहेर खेळायचे. तिघांनाही जागा मिळाली ती स्पेनमध्ये. झाग्रेबचा सिबोना गेला दक्षिण टोकाला पुएर्तो रेआलला. स्प्लितचा संघ गेला वायव्येच्या किनाऱ्यावर, ला कोरुन्याला. १९८९, १९९०, १९९१ असा सलग तीनदा युरोपचा विजेता ठरलेला हा क्लब, पण राजा आधीच गेला होता आणि ह्या उन्हाळ्यात कुकोचही इटलीतल्या त्रेव्हिझोला निघून गेला. आणि पार्टिझानच्या वाट्याला आलं माद्रिदच्या दक्षिणेचं फुएनलाब्रादा. हा निर्णय मला आजही योग्यच वाटतो. ज्या देशात रणगाडे फिरत आहेत तिथे बाहेरच्या संघाला कोणत्या तोंडानं बोलवायचं? पण योग्य निर्णयाचा भारही कोणाला तरी उचलावाच लागतो, आणि इथे तो ह्या बारा-तेरा पोरांच्या खांद्यावर आला. चौदा साखळी सामन्यांतला एकही त्यांना आपल्या माणसांसमोर खेळता येणार नव्हता.

माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून दक्षिणेकडे जाणारी लोकल पकडा. गाडीत कामावरून परतणारी माणसं आहेत: गवंडी, सुतार, सफाईला जाणाऱ्या बायका, छापखान्यात राबणारे. खिडकीतून राजधानीचे दगडी दर्शनी भाग संपतात आणि विटांच्या सात-आठ मजली इमारती सुरू होतात. गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, मध्येच मोकळं माळरान, मग पुन्हा इमारती. फुएनलाब्रादाला उतरा. वीस वर्षांपूर्वी हे काही हजार वस्तीचं खेडं होतं. आता लोकसंख्या दीड लाखाच्या घरात आहे. इतकी माणसं जन्माला येऊन वाढत नाहीत. ती आली आहेत. एक्स्त्रेमादुराहून, आंदालुसियाहून, ला मांचाच्या कोरड्या पठारावरून, राजधानीजवळ काम मिळेल आणि परवडेल असं घर मिळेल म्हणून. इथल्या कुठल्याही चहा-कॉफीच्या टपरीवर उभं राहून शेजारच्याला गाव विचारलंत तर तो आधी दुसऱ्याच गावाचं नाव सांगेल.

पार्टिझानला फुएनलाब्रादानं का जवळ केलं, ह्याचं मला पटलेलं उत्तर हेच आहे. शहराचा स्वतःचा बास्केटबॉल क्लब खालच्या विभागात धडपडत होता. युरोपातल्या मोठ्या संघांना बघायचं तर माद्रिदला जावं लागे. आता ते संघ आपल्या दारात येणार, हे आकर्षण होतंच. पण आकर्षण दोन-तीन सामने टिकतं. पुढे जे झालं त्याला दुसरं कारण लागतं. जिथे बहुतेकांनी कधी ना कधी बोचकं बांधून घर सोडलेलं आहे, तिथे घर नसलेला संघ आला, आणि लोकांना त्याची भाषा कळली नाही तरी त्याची अवस्था कळली.

सभागृह नवंकोरं आहे, रंगाचा वास अजून गेलेला नाही. नाव फेर्नांदो मार्तिनचं. माद्रिदचा हा सेंटर एनबीएमध्ये खेळलेला पहिला स्पॅनिश खेळाडू. ३ डिसेंबर १९८९ला सामन्याला जात असताना मोटार अपघातात गेला. तिकिटाच्या खिडकीशी रांग आहे. शाळकरी पोरं दप्तरासकट आली आहेत. आत पाच हजारांवर माणसं मावतात.

पार्टिझानचे खेळाडू काळ्या-पांढऱ्या पोशाखात बाहेर येतात आणि सरावाला लागतात. पहिल्या दिवशी टाळ्या शिष्टाचाराच्या आहेत, पाहुण्यांना देतात तशा. तुम्ही पार्टिझानच्या बाजूच्या बास्केटमागे बसा आणि ओब्रादोविचकडे पाहा. तो बाकावर टेकत नाही. चेहरा तापलेला, हात हवेत, एक चुकीचा पास गेला की तो रेषेपर्यंत धावत येतो आणि ज्याचा पास चुकला त्याचं नाव सभागृहाच्या छतापर्यंत पोचवतो. कालचा सहकारी आज असा अंगावर येतोय, हे जॉर्जेविचनं कसं पचवलं असेल? पण पुढच्याच चढाईत तो पास बरोबर जातो. स्पॅनिश पोरांना शब्द कळत नाहीत, सूर मात्र कळतो. ती खिदळतात, आणि मग हळूहळू त्या सुरावर ओरडायला लागतात.

ह्या संघाचा खेळ पाहण्यासारखा आहे आणि तो घाईनं पाहण्यासारखा नाही. बास्केटबॉल अजून वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत खेळला जातो, चढाईसाठी तीस सेकंद मिळतात, तीन गुणांची रेषा बास्केटपासून ६.२५ मीटरवर आहे. तीस सेकंद म्हणजे विचार करायला भरपूर वेळ. निकोलिचच्या शाळेत वाढलेले संघ तो वेळ वापरतात: चेंडू पाचही जणांच्या हातांतून फिरतो, कोणी तरी पडद्यासारखा उभा राहतो, त्याच्या आडून दानिलोविच बाहेर येतो आणि पाय जमिनीवर टेकायच्या आत त्याचा नेम झालेला असतो. त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. जॉर्जेविच अगदी उलट. तो चेंडू घेऊन येताना बोलत असतो, बोटं दाखवत असतो, प्रतिस्पर्ध्याशी हुज्जत घालत असतो. सगळा अंदाज डोक्यात आणि सगळा राग चेहऱ्यावर. कोपऱ्यात इवो नाकिच. तो रियेकाचा, म्हणजे क्रोएशियातला. त्याच्या राज्याचं आणि ज्या शहरासाठी तो खेळतोय त्याचं युद्ध चालू आहे, आणि तो इथे रिबाउंडसाठी उडी मारतोय. नाकिचबद्दल फार लिहिलं जात नाही. ह्या हंगामातलं सगळ्यांत अवघड पाऊल त्याचंच होतं, असं मला वाटतं.

आठवडे जातात. थेस्सालोनिकीचा आरिस येतो, निकोस गालिसला घेऊन. गालिस म्हणजे ग्रीसमध्ये बास्केटबॉल घराघरांत नेणारा माणूस. जर्मनीचा लेव्हरकुसेन येतो, बेल्जियमचा मेखेलेन, हॉलंडचा डेन हेल्डर. छातीवरची नावं वाचताना तुम्हाला गंमत वाटेल. मिलानच्या जर्सीवर फिलिप्स, जे तुम्ही घरी दिव्यावर वाचलं आहे. पुढे गाठ पडणाऱ्या बोलोन्याच्या जर्सीवर नॉर, सूपच्या पाकिटावरचं. मेखेलेनच्या छातीवर बिअर. युरोपात क्लबच पुरस्कर्त्याचं नाव घेऊन खेळतात, आणि वर्ष बदललं की कधी कधी नावही बदलतं.

मग स्पेनचेच संघ येतात. एस्तुदियान्तेस तर माद्रिदचा, एका शाळेतून वाढलेला क्लब, इथून अर्ध्या तासावरचा. बादालोनाचा जुव्हेन्तुत बार्सिलोनाच्या शेजारचा. आपल्याच देशाचा संघ समोर असताना फुएनलाब्रादा कोणाच्या बाजूनं ओरडणार? तुम्ही कान देऊन ऐका. बाल्कनीतून ‘पार्टिझान, पार्टिझान’ येतं, स्पॅनिश जिभेवर घोळलेलं, शेवटच्या स्वरावर लांबवलेलं. आता ते शिष्टाचाराचं नाही. सामना संपल्यावर पोरं रेषेपाशी येऊन थांबतात आणि दानिलोविचच्या, रेब्राचाच्या हाताला हात लावायला बघतात, कोणी वहीचं पान पुढे करतं. खेळाडू वाकून सही करतात; इतके उंच की त्यांना चांगलंच वाकावं लागतं.

नंतर ही मंडळी विमानानं बेलग्रेडला परततात, देशातल्या साखळीचे सामने खेळतात आणि पुन्हा माद्रिदला येतात. हा फेरा हिवाळाभर चालू राहतो. एकदा त्यांच्याबरोबर जा. माद्रिदच्या विमानतळावर स्पेन १९९२ची वाट पाहतो आहे: बार्सिलोनाचं ऑलिंपिक, सेव्हिलचं जागतिक प्रदर्शन, सगळीकडे रंगीत फलक, सगळ्यांची घाई आनंदाची. बेलग्रेडला उतरलं की दुकानातल्या किमती गेल्या खेपेपेक्षा वाढलेल्या असतात. वर्तमानपत्रात नकाशे असतात. ह्या दोन विमानतळांमधलं अंतर काही तासांचं आहे, आणि इतकी वेगळी दोन वर्षं एका खंडात एकाच वेळी चालू असू शकतात हे ही पोरं दर फेरीला पाहत होती.

गटात पार्टिझान चौथा आला, म्हणजे जेमतेम बाद फेरीत. पण तो गटच तसा होता. पुढे उपांत्य फेरीसाठी इस्तंबूलला पोचलेले चारही संघ ह्याच एका गटातले निघाले: जुव्हेन्तुत, एस्तुदियान्तेस, मिलान आणि पार्टिझान. बार्सिलोना, मक्काबी तेल अवीव, सिबोना, बोलोन्या, दुसऱ्या गटातले सगळे उपांत्यपूर्व फेरीत बाहेर पडले. स्प्लित तर तिथवरही आला नाही.

मार्च १९९२. बोलोन्याविरुद्धच्या तीन सामन्यांतला पहिला बेलग्रेडला खेळवायची परवानगी मिळते. क्रोएशियात शस्त्रसंधी टिकलेली आहे, संयुक्त राष्ट्रांचे सैनिक यायला लागले आहेत, आणि काही आठवड्यांपुरता सगळ्यांचा समज झाला आहे की वाईट ते मागे पडलं. पायोनिर सभागृहात शिरताच तुम्हाला कळेल की फुएनलाब्रादाचा गजर किती प्रेमाचा आणि किती सौम्य होता. इथे सिगारेटचा धूर छताला टेकला आहे, ढोल आहेत, आणि हंगामभर जे साठून राहिलं ते एका रात्रीत बाहेर येतंय. पार्टिझान ७८-६५ असा जिंकतो.

समोरच्या संघात एक ओळखीचा चेहरा आहे. बोलोन्याचा गार्ड: युरे झ्दोव्त्स. नऊ महिन्यांपूर्वी रोममध्ये त्यानं जी जर्सी उतरवली, तिच्या उरलेल्या मालकांपैकी दोघं, दानिलोविच आणि जॉर्जेविच, आता त्याच्या विरुद्ध उभे आहेत. तो परदेशी म्हणून आला आहे, ज्या शहरात येण्यासाठी गेल्या वर्षीपर्यंत त्याला पासपोर्ट लागत नव्हता. सामन्याआधी ते काय बोलले असतील, ह्याची कल्पना मी करणार नाही. तुम्ही जवळ जाऊन ऐकू शकत असाल तर ऐका.

दुसरा सामना बोलोन्यात, पियाझ्झा आझारिताच्या जुन्या सभागृहात. बोलोन्या एका गुणानं जिंकते. आता तिसरा, तोही इथेच. प्रशिक्षक एत्तोरे मेस्सिनाचा तरबेज संघ, रोबेर्तो ब्रुनामोंतीसारखा कर्णधार, भोवती पेटलेलं इटालियन सभागृह. कुठल्याही शहाण्या माणसानं बोलोन्यावरच पैसे लावले असते. पार्टिझानची पोरं मात्र दचकत नाहीत. त्यांना परक्या सभागृहाची भीती वाटायची तर ती ऑक्टोबरातच वाटून संपली होती. हंगामातले बहुतेक सामने ज्यांनी बाहेरच खेळले, त्यांच्या दृष्टीनं बोलोन्या आणखी एक बाहेरगाव. पार्टिझान जिंकतो. सगळं जग अंतिम सामन्यातल्या त्यांच्या शेवटच्या फेकीविषयी बोलतं. मला विचाराल तर हा चषक बोलोन्यातल्या ह्या संध्याकाळी जिंकला गेला.

आणि मग एप्रिल. ५ आणि ६ तारखेला सारायेव्होत गोळीबार सुरू होतो, शहराला वेढा पडतो. तो किती चालेल हे तुम्हाला माहीत आहे: जवळजवळ चार वर्षं. दानिलोविचचं जन्मगाव ते. डोंगरांवरून शहरावर तोफा डागणाऱ्यांना पैसा आणि दारूगोळा बेलग्रेडहून येत होता. ही गोष्ट सांगताना ते झाकून ठेवायचं असेल तर ती सांगूच नये. पार्टिझानच्या पोरांनी कोणावर गोळी झाडली नव्हती. त्यांना ती थांबवताही येत नव्हती.

१४ एप्रिल, मंगळवार, इस्तंबूल. झेयतिनबुर्नूत, जुन्या तटबंदीच्या बाहेर, आब्दी इपेक्ची सभागृह. इथेही नाव एका मृताचं आहे: इपेक्ची हे ‘मिल्लियेत’ वृत्तपत्राचे संपादक, १९७९ साली त्यांना गोळ्या घालून मारलं गेलं. मारेकरी मेहमेत अली आजा. दोन वर्षांनी व्हॅटिकनमध्ये पोपवर गोळी झाडणारा तोच.

उपांत्य सामन्यात पार्टिझानसमोर मिलान आहे. बाकाशी माइक डी’अँटोनी, बास्केटखाली डॅरिल डॉकिन्स, एनबीएमध्ये काचेचे बोर्ड फोडून गाजलेला राक्षसी सेंटर. एकोणीस-वीस वर्षांचा काटकुळा रेब्राचा त्याच्या पाठीला पाठ लावून उभा राहतो तेव्हा तुम्ही नकळत डोळे मिटून घेता. ८२-७५, पार्टिझान. दुसऱ्या सामन्यात जुव्हेन्तुतनं एस्तुदियान्तेसला ९१-६९ असं लोळवलं.

गुरुवार, १६ एप्रिल. जुव्हेन्तुतचे प्रशिक्षक लोलो साइन्झ ह्यांनी रेआल माद्रिदला दोनदा हा चषक जिंकून दिला आहे, ओब्रादोविच अजून पहिल्याच हंगामात आहे. जोर्दी व्हियाकाम्पा, राफा आणि टॉमस जोफ्रेसा हे भाऊ, अमेरिकेचे कॉर्नी थॉम्प्सन आणि हॅरोल्ड प्रेस्ली: हा क्लब युरोपचा चषक कधीच जिंकलेला नाही आणि आज त्याची पाळी आहे असं सगळे म्हणतात. सामना सुंदर म्हणण्यासारखा नाही. दोन्ही संघ एकमेकांना श्वास घेऊ देत नाहीत. पार्टिझानच्या बाजूनं दोघंच सतत गुण करत राहतात: दानिलोविच शेवटी २५वर पोचेल, जॉर्जेविच २३वर. एकूण ७१मधले ४८ ह्या दोघांचे.

शेवटचं मिनिट. ६८-६८. चेंडू टॉमस जोफ्रेसाकडे. तो आत घुसतो, गर्दीतून वर उठतो, चेंडू जाळीतून खाली येतो. ७०-६८. घड्याळात दहाएक सेकंद. बादालोनाचा बाक उभा राहिला आहे. तुम्ही ओब्रादोविचकडे पाहाल, आणि वेळ मागितली जाईल असं तुम्हाला वाटेल. कोणी वेळ मागत नाही. स्लाविशा कोप्रिव्हित्सा बास्केटखालून चेंडू आत टाकतो, जॉर्जेविच घेतो आणि धावतो.

इथे जरा पुढे वाका. तो उजव्या कडेनं निघाला आहे, जोफ्रेसा त्याच्या अंगाला लागून. अर्धं मैदान पार. बरोबरीसाठी दोन गुण पुरेत, आत घुसून फाउल मिळवता येईल, पास देता येईल. अठ्ठावीस मीटरच्या मैदानावरच्या ह्या धावेत ह्या सगळ्याचा विचार करायला जेवढा वेळ मिळतो तेवढाच त्याला मिळाला आहे. तो आत घुसत नाही. तीन गुणांच्या रेषेबाहेर, धावत्या पायावर, अंग अजून पुढे चाललेलं असताना तो उडतो. जोफ्रेसाचा हात डोळ्यांसमोर. फेक सपाट नाही, उंच आहे. चेंडू वर जायला जितका वेळ घेतो तितका वेळ सभागृहातला आवाज कमी होत जातो. मग जाळी हलते.

७१-७०. घड्याळात तीन-चार सेकंद उरले आहेत. जुव्हेन्तुत चेंडू पुढे फेकतो, त्यांचा अखेरचा प्रयत्न फळत नाही, भोंगा वाजतो, आणि काळ्या-पांढऱ्या अंगांचा ढीग कोर्टवर कोसळतो. ओब्रादोविच त्या ढिगात कुठे आहे ते दिसत नाही. सामन्यांचा मानकरी दानिलोविच ठरतो. ३२ वर्षांचा प्रशिक्षक, पहिलं वर्ष, आणि युरोपचा चषक. त्याच वर्षी त्यांनी देशातली लीग आणि देशाचा चषकही जिंकला.

त्या रात्री फुएनलाब्रादातल्या बारमध्ये तुम्ही असता तर काय पाहिलं असतंत? अंतिम सामन्यात एक संघ स्पेनचा होता. मला खात्री आहे की तिथल्या बऱ्याच घरांत आनंदाची आरोळी दुसऱ्याच संघासाठी उठली.

आता भरभर. ३० मे १९९२ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव ७५७ मंजूर केला. सर्बिया-माँटेनेग्रोशी व्यापार बंद, विमानं बंद, खेळ बंद. दुसऱ्या दिवशी बेलग्रेडच्या रस्त्यांवरून हजारो माणसं सारायेव्होच्या शोकासाठी एक लांबलचक काळी पट्टी हातांवर तोलत चालत गेली; त्यांच्यासोबत थोडं चाला, ही माणसंही बेलग्रेडचीच होती. ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाचा बास्केटबॉल संघ नव्हता. युरोपचा विजेता पार्टिझान पुढच्या हंगामात चषक राखायला उतरू शकला नाही, परक्या गावातही नाही. जॉर्जेविच मिलानला गेला, ज्यांना त्यानं उपांत्य सामन्यात हरवलं होतं. दानिलोविच बोलोन्याला, ज्यांच्या सभागृहात त्यानं तो तिसरा सामना जिंकला होता. रेब्राचा थांबला, आणि ज्या वयात खेळाडू युरोपभर नाव कमावतो ती वर्षं त्यानं बंद दारांच्या देशात घालवली. फुएनलाब्रादाचा स्वतःचा क्लब १९९६ साली स्पेनच्या सर्वोच्च विभागात चढला. ज्या पोरांनी दानिलोविचची सही घेतली ती तोवर विशीत पोचली होती.

ओब्रादोविच १९९३ साली देश सोडतो, आणि त्याला बोलावतो जुव्हेन्तुत. जॉर्जेविचच्या त्या फेकीनं ज्यांचा चषक हिरावला, तोच संघ.

२१ एप्रिल १९९४, तेल अवीव. पुन्हा अंतिम सामना, समोर ऑलिंपियाकोस. तोच व्हियाकाम्पा, तेच दोघे जोफ्रेसा, तोच थॉम्प्सन. बाकाशी तो लालबुंद चेहऱ्याचा सर्ब आता स्पॅनिशमध्ये ओरडतो आहे. ऑलिंपियाकोस ५७-५६नं पुढे, वीसेक सेकंद उरली आहेत. चेंडू फिरत फिरत थॉम्प्सनकडे येतो, तीन गुणांच्या रेषेबाहेर. तो फेकतो. ५९-५७. ऑलिंपियाकोसला अजून संधी आहे, फ्री थ्रोच्या रेषेवर झार्को पास्पाल उभा आहे, ओब्रादोविचचा पार्टिझानमधला जुना सहकारी. त्याची फेक कड्यावर आदळते. काही क्षणांत भोंगा वाजतो, बादालोनाचा सगळा बाक कोर्टवर धावतो, आणि ह्या खेपेला प्रशिक्षक त्यांच्या पुढे धावतो आहे.